निवृत्तीनंतर नवऱ्याला स्नॉर्केलिंग आणि मला पक्षी: एकाच सहलीत दोन्ही जमेल का?

तुम्ही विचारलंय की मिस्टर आणि तुम्ही दोघंही नुकतेच निवृत्त झालात, त्यांना स्नॉर्केलिंग करून, म्हणजे तोंडातल्या नळीनं श्वास घेत, पाण्याखालचे मासे बघायचेत, तुम्हाला पक्षी, आणि तुम्हाला पोहता येत नाही. तर ‘ते समुद्रात असताना मी किनाऱ्यावर बसून पक्षी बघेन, असं कुठे जमेल?’

जागा सांगते. पण आधी ते ‘किनाऱ्यावर बसून’ खोडा.

मी तीन सहली किनाऱ्यावर बसून काढल्यात. दोन टॉवेल, ह्यांचा चष्मा, ह्यांचं घड्याळ, ह्यांच्या चपला, आणि दर पाच मिनिटांनी पाण्यावर ती नारिंगी नळी दिसतेय ना हे बघणं. दुर्बीण पक्ष्यांवर कमी आणि नवऱ्याच्या नळीवर जास्त. याला पक्षीनिरीक्षण म्हणत नाहीत, राखण म्हणतात.

जानेवारी २०१७ ची गोष्ट. अंदमान. वंडूरच्या धक्क्यावरून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर बोटी जातात. मला बोट लागते, म्हणून मी मागे राहिले. धक्क्यावर पिशव्या तपासतात, बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, तेव्हा ह्यांच्या बिस्किटांचा पुडाही शेवटी माझ्याच झोळीत आला. बोट गेली. मी रस्त्याच्या कडेला, जिथे जंगल उतरून ओल लागते तिथे, एका पडलेल्या ओंडक्यावर बसले. भृंगराज शेपटीची दोन पिसं मिरवत फिरत होता, वर कुठेतरी अंदमानी टकाचोर ओरडत होता. नऊ चाळीसला समोरच्या पाचोळ्यात खसखस झाली. मला वाटलं सरडा.

बाहेर आली ती अंदमान क्रेक.

हा पक्षी अंदमान द्वीपसमूहाबाहेर जगात कुठेही नाही, आणि इथेही तो सहसा दाट झुडपातून बाहेर येत नाही. लहान कोंबडीएवढी. सगळं अंग चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखं लालस, पोटावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा आणि चोच कच्च्या सफरचंदासारखी हिरवी. दोन पावलं पुढे आली, शेपटी झटकली, चोचीनं एक पान उलटं केलं, त्याखाली काही नव्हतं, मग सावकाश पलीकडे गेली. आठ-दहा सेकंद असतील. कॅमेरा झोळीत, झोळीवर ह्यांचा टॉवेल. मी श्वाससुद्धा सोडला नाही, टॉवेल कुठला काढतेय!

दुपारी हे आले ते बोटीतूनच हात हलवत. कासव दिसलं! हॉक्सबिल! एवढं मोठं! मी म्हटलं, वा, नशीब काढलंत. मग मी माझं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाणकोंबडी असेल.”

पाणकोंबडी. जिचं तोंड आणि छाती चुना लावल्यासारखी पांढरी असते ती. जी मी आयुष्यभर ओढ्या-नाल्यांच्या काठी बघत आलेय ती. या दोघींत गल्लत करायची तर दुर्बीण उलटी धरायला लागेल. वर विचारतात, “फोटो आहे का?”

आता बघा, कासवाचा फोटो नव्हता. बोटीत चाळीस माणसं होती, त्यातल्या दुसऱ्या कोणालाही ते कासव दिसलं नव्हतं. तरी मी ‘वा’ म्हटलं होतं. मी तेव्हा काही विचारलं नाही, पण घरी आल्यावर वाचलं की हॉक्सबिल ओळखायचं तर कपाळावर, डोळ्यांच्या मध्ये, खवल्यांच्या दोन जोड्या असतात, हिरव्या कासवाला एकच. तोंड पोपटाच्या चोचीसारखं निमुळतं आणि कवचाची मागची कड करवतीसारखी. ह्यांना विचारलं, खवले किती होते? तर म्हणाले, “मी काय मोजत बसलो होतो?”

आमची एक वही आहे, तीत मी दोन्ही नोंदी केल्या. माझ्या नोंदीपुढे ह्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. कासवापुढे मी काही काढलं नाही.

त्या प्रश्नचिन्हानं मी पाण्यात गेले असं म्हटलं तरी चालेल. एकसष्टाव्या वर्षी तरणतलावावर नाव घातलं. तुम्हीही घाला, आणि ‘पोहायला शिकायचंय’ असं सांगू नका, ‘तरंगायला शिकायचंय’ म्हणून सांगा. दोन्हीत फरक आहे. स्नॉर्केलिंगला लांबी मारायची नसते. पालथं तरंगता आलं पाहिजे, तोंडानं संथ श्वास घेता आला पाहिजे, आणि घाबरलं की न धडपडता पाठीवर वळता आलं पाहिजे. मला तीन महिने लागले, त्यातला पहिला महिना फक्त कमरेएवढ्या पाण्यात नळी तोंडात धरून वाकायचं. बाकीचे पोरं-पोरी हसायचे. हसू देत.

पोहता न येणाऱ्यांना गाईड ट्यूबला धरून ओढत नेतात आणि पंधरा मिनिटांत परत आणून सोडतात, त्याला मी स्नॉर्केलिंग म्हणत नाही. ती घोड्यावरची रपेट झाली. (माझी नणंद तशी करून आली आणि खूश आहे, हेही खरं.)

२०१९ मध्ये हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, एलिफंट बीचवर मी पहिल्यांदा समुद्रात डोकं घातलं. आधी काही दिसलंच नाही, ऐकू आलं. कुरुम, कुरुम, कोणीतरी भाजके चणे खात असल्यासारखं. ते पोपट मासे. हिरवे-निळे, ओठांवर गुलाबी छटा, आणि पुढचे दात जुळून झालेली खरोखरची चोच. तिनं ते प्रवाळ खरवडून खातात, त्यातलं शेवाळ पचवतात आणि चुरा मागून सोडतात. एक मासा माझ्या नाकासमोर थांबला, मागून पांढऱ्या धुराची एक रेघ सोडली आणि निघून गेला. अशा किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग या माशांच्या पोटातून आलेला असतो. तीन सहली मी कशावर टॉवेल पसरून बसले होते ते तेव्हा कळलं.

प्रवाळ मात्र फोटोंत असतात तसे रंगीत असतील अशी आशा धरून जाऊ नका. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, बरेच मेले. मधेच, २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात, एक विचित्रच प्रकार झाला. उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि तिथले प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळून मेले. दक्षिण अंदमान खचलं, तर सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली आणि तिथे आता बगळे, तुतारी पक्षी, अंदमानी बदकं उतरतात. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) वंडूरला जाताना ती दलदल वाटेतच लागते. पक्षी बघणाऱ्यांची तिथे चंगळ असते. ज्याची शेती गेली त्याला हे सांगायला जाऊ नका.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही छंद एकमेकांच्या आड येतच नाहीत, आणि हे आम्हाला कळायला सहा वर्षं लागली. पक्षी पहाटे आणि संध्याकाळी. पाण्याखाली दिसायला सूर्य डोक्यावर हवा, म्हणजे साधारण नऊ ते एक, जेव्हा पक्षी झाडांत गप्प असतात. अंदमानात तर घड्याळ आपलं आणि सूर्य पूर्वेचा, त्यामुळे हिवाळ्यातसुद्धा सहाच्या आत उजाडतं आणि पाचला अंधारू लागतं. पहाटे दोघांनी पक्ष्यांसाठी चिडिया टापूला जायचं, दहाला दोघांनी पाण्यात. भरतीचं वेळापत्रक तेवढं आधी बघा. भरतीला प्रवाळांवर पुरेसं पाणी असतं, पोट खरचटत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि चिखलपक्षी उतरतात. हेही वाटून दिल्यासारखंच आहे. ‘मी पाण्यात, तू किनाऱ्यावर’ ही वाटणी निसर्गानं केलेली नाही, नवऱ्यांनी केलेली आहे.

जागा. पहिल्यांदा अंदमानच, कारण पासपोर्ट लागत नाही आणि दुसरीकडे कुठेही नसलेले डझनभर तरी पक्षी आहेत. श्रीलंकेत त्रिंकोमालीजवळ पिजन आयलंड आहे, निलावेलीहून दहा-पंधरा मिनिटं बोट. काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क उथळ पाण्यात फिरतात आणि काही करत नाहीत. तिथला नावाजलेला पक्षी म्हणजे पारवा, तेव्हा पक्ष्यांसाठी सिंहराजाच्या जंगलात वेगळे तीन दिवस काढा. पिजन आयलंडला मे ते सप्टेंबरमध्ये जायचं, म्हणजे आपल्याकडे पावसानं सगळं बंद असतं तेव्हा. इंडोनेशियात सुलावेसीच्या उत्तर टोकाला मानाडो: समोर बुनाकेनचे प्रवाळ आणि दोन तासांवर तांकोकोचं जंगल, तिथे खंड्यांच्या अशा जाती की वही पुरत नाही. संध्याकाळी झाडाच्या ढोलीतून मुठीएवढा टार्सियर, म्हणजे माकडांचा एक छोटा नातलग, डोळे वटारून बाहेर येतो. बुनाकेनला पहिल्याच दिवशी जाऊ नका, कारण प्रवाळांची भिंत एकदम तुटते आणि खाली नुसतं काळंनिळं. माझ्या पोटात खड्डा पडला होता. लक्षद्वीप आणि मालदीव पाण्यासाठी उत्तम, पण जमिनीवरचे पक्षी अगदी थोडे. समुद्रावर उडणारे सुरय पक्षी आवडत असतील तर गोष्ट वेगळी. इंडोनेशियातलंच राजा अम्पात आमचं राहिलंय. स्वर्गीय पक्षी बघायला पहाटे अंधारात चढून लपणात बसावं लागतं आणि माझा डावा गुडघा नाही म्हणतो.

सामानात दोनच गोष्टी सांगते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क करून घ्या, दुसऱ्याचा मागू नका. आणि मिस्टरांना मिशी असेल तर मास्क गळणार. ह्यांनी दोन मास्क ‘खराब निघाले’ म्हणून बदलले. तिसऱ्या वेळी मी मिशीवर व्हॅसलीन चोपडलं, गळणं थांबलं. मिशी काढणं हा खरा उपाय आहे, पण तो विषय आमच्याकडे निघत नाही.

आणि कानांची तपासणी करा, दोघांचीही. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. शिंजिराचा चिवचिवाट ह्यांना आता ऐकूच येत नाही, मी दाखवलं की म्हणतात ‘कुठे काय आहे?’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो, जिला ऐकू येतं तिला फोटो मागतो.

हे आधी लिहायला हवं होतं: ब्लडप्रेशर किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी तोंडात धरू नका. दिसायला निवांत दिसतं, पण नळीतून श्वास ओढायला छातीला जास्त जोर लागतो. हवाई बेटांवर पर्यटक बुडून मरतात त्यांत स्नॉर्केलिंग करणारे सर्वांत जास्त असतात, आणि त्यांत पन्नाशी ओलांडलेले पुरुष पुष्कळ. दम लागला की ‘अजून पाच मिनिटं’ नाही, लगेच पाठीवर आणि बाहेर. अंदमानात मगरींची पाटी असेल तिथे गुडघ्याएवढ्या पाण्यातही उतरू नका. २०१० मध्ये हॅवलॉकला एक परदेशी तरुणी स्नॉर्केलिंग करताना मगरीनं नेली. एकटं पाण्यात कधीच जायचं नाही, हे तर आहेच. म्हणजे किनाऱ्यावर बसून नळी मोजणारी मी अगदीच बिनकामाची नव्हते, पण पाण्यात शेजारी असणं त्याहून बरं.

उत्तर टाकण्यापूर्वी ह्यांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कासवाचं बरोबर लिहिलंयस. हॉक्सबिलच होतं.”