सहा यार्डांचं रिंगण

प्रश्न : मॅडम, २०१९च्या महापुरावर कथा लिहितोय. नायक नदीकाठच्या गल्लीतला दुकानदार, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पूर येतो आणि तो शेजाऱ्याच्या बंद घरातल्या वस्तू उचलतो. मित्र म्हणतात, "असला माणूस एका रात्रीत चोर हुईल व्हय?" परिस्थिती माणसाला बदलते, की आत होतं तेच बाहेर येतं?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मित्रांना खटकलं ते बरोबरच आहे. पण खोट नायकात नाही, 'एका रात्रीत'मध्ये आहे.

विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४) मिळवून वाचा. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यातला एक लहानसा प्रसंग सोडत नाही. हेन्री नावाचं पोर पाण्याच्या कडेला खेळतंय. रॉजर आडून त्याच्या दिशेने दगड फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवून. पोराभोवती साधारण सहा यार्डांचं रिंगण आहे, त्याच्या आत दगड टाकायला हात धजत नाही. आईबाप, शाळा, पोलीस कुठल्या कुठे राहिलेत, तरी त्यांचा धाक दंडात शिल्लक आहे. पुढे हाच रॉजर पिगी नावाच्या मुलावर भलीमोठी शिळा लोटतो. मधल्या पानांत ते रिंगण पुसलं गेलेलं असतं. दगड उचलायची खुमखुमी मात्र तो घरूनच घेऊन आला होता.

महापुरानंतर हे पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, नळ कोरडे, दुधाची मारामार. आमच्या घरात पाणी शिरलं नव्हतं. मी दुकानातून दुधाच्या चार पिशव्या आणल्या होत्या. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची सून आली, कडेवर दीड वर्षाचं पोर. "काकू, थोडं दूध असंल का?" मी म्हणाले, "एकच पिशवी आहे गं, त्यातलं अर्धं देते." फ्रीज उघडताना मी दाराला आडवी उभी राहिले. लाईट नव्हती, आत काळोखच होता, तरी आडवी राहिले. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या नासल्या, त्या मोरीत ओतल्या.

त्याच रात्री आमच्याच गल्लीतली पोरं शिरोळकडच्या पूरग्रस्तांसाठी दारोदार चपात्या गोळा करत होती.

म्हणून 'आत होतं तेच बाहेर आलं' म्हणूनही मोकळे होऊ नका. १९६५ साली टोंगातली सहा मुलं खरोखरच निर्जन बेटावर अडकली आणि सुमारे १५ महिने राहिली. एकाचा पाय मोडला, तो बाकीच्यांनी बांधून बसवला; पेटवलेला विस्तव विझू दिला नाही. आपल्या अण्णाभाऊंचा 'फकिरा' (१९५९) घ्या. तोही भुकेपायी धान्य लुटतो, पण उपाशी माणसांच्या तोंडात घास पडावा म्हणून.

तेव्हा तुमच्या दुकानदाराला पहिल्याच दिवशी चोरी करायला लावू नका. शेजाऱ्याने जाताना विश्वासाने किल्ली दिलेली असू दे. पहिल्या दिवशी तो त्यांच्या गाद्या माळ्यावर चढवील. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातले मूठभर पोहे खाईल, 'आल्यावर सांगू' म्हणून. तिसऱ्या दिवशी, गल्लीत चिटपाखरू नसताना, वस्तूला हात घालण्याआधी तो दाराकडे वळून बघतो का? तेवढं पान आधी लिहा आणि मला पाठवा.