पेटीवर आधी कुठल्या चाली बसवायच्या

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. पेटी घेतलीस, गुरुवारी देवळात भजनाला बसायचं म्हणतोस, आणि आठवडाभर यूट्यूब लावून कुणा मोठ्या गवयाचा अभंग तानांसकट उचलायला बघतोयस म्हणे. घरात खुशाल उचल की. पण मंडळात तो कामाला येणार नाही. तिथं पंधरा-वीस माणसं एकदम गातात, निम्म्यांचे हात टाळात गुंतलेले असतात, आणि सगळ्यांच्या तोंडी रुळलेली चालच तिथं चालते. तेव्हा मंडळाला काय येतं ते आधी शिकून घे, तुझ्या आवडीचं मागाहून बघू.

सुरुवात ‘जय जय राम कृष्ण हरी’नं कर. भजन तिथूनच सुरू होतं, आणि पहिल्याच दिवशी तुला तेवढं आलं तरी कोपऱ्यात बसून राहायची पाळी येणार नाही. गाव बदललं की या गजराला थोडी वेगळी मुरड पडते. म्हणून पुस्तकातलं स्वरलेखन शोधत बसू नकोस, आपल्या मंडळाचाच गजर मोबाईलवर रेकॉर्ड करून घे. दोन दिवस नुसता तोंडानं म्हण, जेवताना, सायकलवरून जाताना. मग पेटी उघड. पट्ट्या बघून पाठ केलेली चाल ऐन भजनात, कुणी मध्येच ओळ परत घेतली की, कोलमडते. गळ्यात असली की बोटं आपोआप मागं जातात.

पण तुझा जास्तीत जास्त वेळ मी हरिपाठाला द्यायला सांगेन. ‘देवाचिये द्वारी’ घे आणि अक्षरं बोटांवर मोज. दे-वा-चि-ये-द्वा-री, झाली 6. उ-भा-क्ष-ण-भ-री, 6. ते-णें-मु-क्ति-चा-री, 6. सा-धि-ये-ल्या, 4. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. आता पालुपद घे: ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी’. तेही 6-6-6-4 च. मोठा अभंग म्हणतात तो हाच साचा, आणि ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंतचे शेकडो अभंग यात बसतात. म्हणजे एक चाल हाताला बसली, तर उद्या कुणी तू कधी न ऐकलेला अभंग काढला तरी बहुतेक वेळा ती त्याला लागते. हे एकदा ध्यानात आलं की नव्या पोरांची निम्मी भीती जाते, पण का कोण जाणे, त्यांना हे कुणी सांगतच नाही. तसे शिक, असे शिक म्हणत नुसती चालीवर चाल देत सुटतात.

मोजताना एक सांभाळ. बोलताना आपण ‘सुंदर ते ध्यान’ यातला शेवटचा न अर्धवट गिळतो. गाताना तो पुरता उच्चारायचा, तरच 6 भरतात. आणि कुठं एखादं अक्षर जास्त निघालं तर घाबरू नकोस, जुने गाणारे ते शेजारच्या अक्षराला चिकटवून उरकतात, ठेका सोडत नाहीत. दुसरा साचा छोट्या अभंगाचा. ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’, हे 8-8. याला वेगळी चाल लागते. ही दोन मापं पक्की कर, तिसऱ्या चालीची घाई नको.

ठेक्याचं म्हणशील तर भजनी ठेका आणि धुमाळी दोन्ही 8 मात्रांचे, दादरा 6 मात्रांचा. पहिले महिनाभर तू पेटी घरीच ठेव आणि मंडळात टाळ घेऊन बस, असं मी म्हटलं तर रागावशील. तरी म्हणतो. टाळ घट्ट आवळलास तर नुसता टक्क वाजतो, दोरी बोटात सैल ठेवलीस तर काशाचा नाद पुढच्या मात्रेपर्यंत लांबतो, आणि हा फरक हाताला कळेपर्यंत ठेकाही अंगात मुरतो. मृदंगवाला दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, शिरला की नवीन पेटीवाले हमखास मागं राहतात. टाळकऱ्याला मात्र ती येणार हे आधीच कळतं.

आजीला हादग्याची गाणी विचार. पोरींची गाणी म्हणून नाक मुरडू नकोस. हत्तीचं चित्र मधे ठेवून फेर धरत म्हणायची ही गाणी चार-पाच सुरांच्या पलीकडं फारशी जात नाहीत, ओळ पुन्हा पुन्हा येते, शिकणाऱ्याला आणखी काय हवं? एवढ्याशा सुरांत काय आहे असं वाटलं तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या गायक कुमार गंधर्वांची आठवण ठेव. ते मध्य प्रदेशातल्या देवासला राहायला गेले, माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली, आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. धुनउगम राग म्हणतात त्यांना.

आता कानडी पदांचं. आपल्या भागात भजनाला बसायचं आणि कानडी पद टाळायचं, हे जमणार नाही. मराठी अभंग संपतो न संपतो तोच कुणीतरी कानडी संत पुरंदरदासांचं पद काढतं, नाहीतर संतकवी शिशुनाळ शरीफांचं. शरीफ 1819 ते 1889 मधले, मुसलमान घरात जन्मलेले, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. त्यांची तत्त्वपदं एकतारी, दिमडी, टाळ एवढ्यावर रंगतात, पेटी नसली तरी अडत नाही. म्हणून तिथं पेटी हळू. शब्द देवनागरीत उतरवून घे, पण कानडी शेजाऱ्याकडून एकदा म्हणवून घेतल्याशिवाय गाऊ नकोस. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ ओढलास की ठेका घसरतो आणि समोरचा माणूस हसतो. वहीत ऱ्हस्वावर पेन्सिलीची खूण कर.

सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्या जोगत्यांची गाणी तुला आवडतात हे माहीत आहे. ती ऐकत जा, पेटीवर काढायला जाऊ नकोस. त्यांच्या चौंडक्याची, म्हणजे एकतारी वाद्याची, तार ताणली-सैल सोडली की सूर घसरत वर-खाली जातो, आणि पेटीच्या दोन पट्ट्यांमधली ती जागा तुला कधीच सापडणार नाही.

आता पट्टीबद्दल, म्हणजे कुठल्या सुराला ‘सा’ धरायचं त्याबद्दल. आपल्याकडं बाप्ये काळी एक नाहीतर पांढरी दोनवर गातात, बायका काळी चार-पाचवर. त्यामुळं प्रत्येक चाल दोन वेगवेगळ्या ‘सा’वरून वाजवायची सवय आत्ताच लाव. चारच चाली येत असताना ती लगेच जमेल. चाळीस चाली झाल्यावर हे करायला बसलास तर रडशील. भाता सारखा ओढ, हिसके नकोत. गाणाऱ्याचा आवाज बुडाला तर तुझी पेटी मोठी झाली असं समज आणि एक सप्तक कमी कर. दोन ओळींमधली जागा भरून काढायचा मोह होईल, ती टाळकऱ्यांना दे.

येत्या एकादशीला हरिपाठाला उभा राहशील तेव्हा मृदंगवाल्याच्या समोर राहा, मागं नको. समोरून त्याचे हात दिसतात. मला रेकॉर्डिंग पाठव, पण तुझ्या एकट्याचं नको, सगळ्या मंडळाचं पाठव.

तुझा मामा

ता. क. पेटी फरशीवर ठेवत जाऊ नकोस. खानापुराकडच्या पावसाळ्यात ओल धरून पट्ट्या फुगतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. खाली पाट घाल आणि वर सुती कापड टाक, प्लॅस्टिक नको.