हरणाच्या शिकारीला जड बाण घ्यावा की हलका? (अमेरिका, 70 पौंड ओढीचं कंपाउंड, म्हणजे कप्प्या असलेलं धनुष्य)

पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी 420 ते 480 ग्रेनचा बाण घ्या (ग्रेन हे वजनाचं एकक, सुमारे 0.065 ग्रॅम), एल्क या मोठ्या हरणासाठी 500 च्या आसपास. वजन दांडा, पिसं, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) धरून मोजायचं.

400 ग्रेनचा बाण सेकंदाला 280 फूट गेला, तर त्याच धनुष्यातून 500 चा साधारण 255 जाईल. ऊर्जा जवळपास तेवढीच, पण संवेग सुमारे 14 टक्के जास्त. म्हणून जड बाण बरगडीला लागूनही आत शिरतो. शिवाय धनुष्याचा आवाज कमी होतो, आणि आवाजाने हरीण दचकून खाली दबतं, हे वेगाच्या मागे लागलेले विसरतात.

किंमत मोजावी लागते ती उंचीत: 40 यार्डांवर जड बाण 7-8 इंच अधिक खाली येतो. अंतराचा अंदाज चुकला की नेम गेलाच, अंतर मोजणारा रेंजफाइंडर हवाच.

वजन वाढवायला नुसतं टोक 100 वरून 150 ग्रेन करू नका. दांडा जास्त वाकतो, ब्रॉडहेड भरकटतं. 340 स्पाइनऐवजी (स्पाइन म्हणजे दांड्याच्या ताठपणाचा आकडा) 300 घ्या (आकडा लहान, दांडा ताठ) आणि धनुष्यावरच्या नेम धरायच्या पिना पुन्हा लावा.

ओढीच्या दर पौंडाला 5 ग्रेनच्या खाली, म्हणजे इथे 350 च्या खाली, अजिबात नको. धनुष्याचे लिंब (वाकणारे हात) तडकू शकतात.