अपलोड्समधली पीएचपी फाइल उडवली तरी परत येते, कारण दार एकच नसतं

तुमचं म्हणणं असं की वर्डप्रेस साइटवरचं फॉर्मचं प्लगिन (साइटला जोडलेलं जास्तीचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, फोटो वगैरे चढवायच्या अपलोड्स फोल्डरमध्ये सापडलेली पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, उडवली आणि दोन दिवसांनी त्याच नावाची फाइल परत तिथेच, मग अपडेट फसवं आहे का? नाही हो, अपडेट बरोबरच आहे. पण अपडेटनं फक्त दार बंद होतं, जो आधीच आत शिरलाय तो आतच राहतो, आणि आत आल्यावर तो पहिलं काम हेच करतो की स्वतःसाठी आणखी दोन-तीन वाटा करून ठेवतो.

२०२० च्या सप्टेंबरमधलं वर्डप्रेसच्या फाइल मॅनेजर प्लगिनचं प्रकरण बघा. सात लाखांहून जास्त साइटवर ते होतं. त्यात एलफाइंडर नावाच्या लायब्ररीची (दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडची) नमुना फाइल होती, तिच्या नावामागचं डिस्ट हे शेपूट काढून ती चालू स्थितीत ठेवली गेली, त्यामुळे लॉगिन न करता कुणीही फाइल चढवू शकत होता. ६.९ मध्ये ते बुजवलं, पण तोवर घुसलेल्यांपैकी काहींनी त्या फाइलला स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला होता, दुसरा कुणी येऊ नये म्हणून!

तर आता घाईत काही डिलीट करू नका. आधी सगळ्याची कॉपी घ्या, लॉगसकट (सर्व्हरवर कुणी कधी काय मागितलं त्याची नोंद), कारण लॉग काही दिवसांनी आपोआप पुसले जातात आणि मग तो आला कुठून हे कधीच कळत नाही. अॅक्सेस लॉगमध्ये अपलोड्सच्या पत्त्यावर आलेल्या पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरला काही पाठवणाऱ्या विनंत्या, शोधा. फोटोंच्या फोल्डरला कुणी पोस्ट करत नाही, त्यामुळे तिथे पोस्ट आणि पुढे २०० (विनंती यशस्वी) दिसलं की तीच ओळ धरून मागे जायचं. फाइलच्या तारखेवर विसंबू नका, ती मागची टाकता येते. मी एकदा अशी एक फाइल उघडली तर पहिल्या ओळीत जीआयएफ८९ए, म्हणजे चित्र असल्याचं सोंग, दुसरी ओळ रिकामी वाटली, उजवीकडे बरंच सरकवत गेल्यावर शेकडो स्पेसच्या पलीकडे इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा) आणि बेस६४ चा, म्हणजे न वाचता येणाऱ्या अक्षरांत गुंडाळलेल्या कोडचा, भला मोठा पट्टा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ती निर्धोक म्हणून सोडून दिली होती, आणि त्यापायी साइट परत साफ करावी लागली.

मग कोअर (वर्डप्रेसच्या मूळ फाइल) आणि प्लगिन जुन्यावर अपडेट न मारता ताज्या कॉपीनं पूर्ण बदला, डेटाबेसमध्ये अनोळखी अॅडमिन आहे का बघा, क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, बघा (फाइल ठरावीक दिवसांनी परत येते म्हणजे मला पहिला संशय तिथेच), पासवर्ड बदला आणि कॉन्फिगमधल्या सिक्रेट कीसुद्धा, नाहीतर त्याचं जुनं लॉगिन चालूच राहतं.

आणि मुख्य गोष्ट, फक्त नाव तपासून फाइल आत घेणाऱ्या कोडवर भरवसा ठेवू नका. वर्डप्रेससारखंच साइट चालवणारं सॉफ्टवेअर जूमला, त्यात २०१३ साली नावाच्या शेवटी नुसता एक टिंब जोडला की मीडिया मॅनेजरची तपासणी चुकायची, २.५.१४ आणि ३.१.५ मध्ये ते दुरुस्त झालं. तशाच ड्रुपलमध्ये २०२० ला दोन एक्स्टेंशनवाल्या नावांचा तसाच घोळ. नावाच्या युक्त्या संपत नाहीत, म्हणून अपलोड्समध्ये पीएचपी चालूच द्यायचं नाही हा खरा उपाय.

फक्त तो एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरमध्येच ठेवायची सर्व्हरच्या नियमांची फाइल) लिहून मोकळे होऊ नका. जेक्वेरी फाइल अपलोड नावाचा प्रसिद्ध कोड त्याच्याच जिवावर बसला होता, पण अपाचे या वेब सर्व्हरनं २.३.९ पासून ती फाइल वाचणं, कुणी मुद्दाम चालू केल्याशिवाय, बंद ठेवलं, २०१० मध्ये, आणि हे उघडकीला आलं २०१८ ला. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर ती कधीच वाचत नाही. नियम सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये घाला, एनजिनएक्स असेल तर पीएचपीच्या सर्वसाधारण नियमाच्या वर, कारण जो रेगेक्स (पत्ता जुळवायचा नमुना) आधी जुळतो तोच लागू होतो.

झालं की स्वतः तपासा. दोन अधिक दोनचं उत्तर छापणारी छोटी पीएचपी फाइल अपलोड्समध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. ४०३ (परवानगी नाही) आलं किंवा कोड जसाच्या तसा दिसला तर नियम लागलाय, ४ दिसलं तर अजून लागलेला नाही. तपासून झालं की ती फाइल काढून टाका.