रांगत नाही, वॉकर आणू का?

प्रश्न : आमची मुलगी नऊ महिन्यांची आहे. आधाराशिवाय छान बसते, पण रांगत नाही, बसल्या बसल्या सरकते. वॉकर आणला तर लवकर चालेल का?

उत्तर : वॉकर अजिबात आणू नका. त्यात बाळ चवड्यांनी रेटा देत पळतं. तोल सांभाळणं, पडता पडता सावरणं यातलं काहीच शिकत नाही. जिन्यावरून कोसळण्याचा धोका वेगळाच. कॅनडात २००४पासून त्याच्या विक्रीवरही बंदी आहे.

रांगण्याची काळजी मात्र सोडा. काही मुलं कधीच रांगत नाहीत, थेट उभी राहतात. बसून सरकणारी मुलं चालायला थोडा उशीर करतात, इतकंच.

दिवसातून चार-पाच वेळा, काही मिनिटं, तिला जमिनीवर घट्ट सतरंजीवर अनवाणी बसवा. मोज्यांनी पाय घसरतात. खेळणं समोर नको, बाजूला, हात जेमतेम पोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा. ते घ्यायला ती एका हातावर भार देऊन वळते, गुडघा दुमडतो, आणि पुष्कळदा तिथूनच चौपायी व्हायला सुरुवात होते. लगेच खेळणं हातात देऊ नका. धडपडू द्या तिला! मऊ गादीवर हे जमत नाही, हात रुततात.

एकच हात वापरणं, अंग फार ताठ किंवा सैल वाटणं, आधी येणारी गोष्ट बंद होणं, यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अठरा महिन्यांपर्यंत चालली नाही तरीही. जन्म वेळेआधी झाला असेल तर वय अपेक्षित तारखेपासून मोजा.