नावडत्या आमदारामुळे एखाद्या अपक्षाला किंवा ‘वेगळ्या’ उमेदवाराला फायदा होतो का?

होतो, पण उमेदवार एकाएकी आवडायला लागतो म्हणून नाही. लोकांची अपेक्षाच खाली आलेली असते. आमच्याकडे कापसाच्या गाड्यांच्या रांगेत ऐकू येतं, “हा निदान फोन तं उचलते ना बे!” एरवी हाच माणूस ‘पोट्ट्यासारखा बोलते’ म्हणून बाद झाला असता.

अमरावती लोकसभा पाहा. 2014 मध्ये नवनीत राणा राष्ट्रवादीकडून उभ्या होत्या, आनंदराव अडसूळांकडून हरल्या. 2019 मध्ये अपक्ष उभ्या राहून त्यांनाच हरवलं. सिनेमातली बाई चालेल का, ही शंका दोन्ही वेळी होती. दरम्यान अडसूळांची अमरावतीतली दुसरी टर्म संपली होती, आणि काँग्रेस-राष्ट्रवादीचा पाठिंबाही होता, तो विसरू नका. नुसत्या रागावर मतं एकवटत नाहीत. चार अपक्ष उभे झाले की नावडताच निवडून येतो.

आणि ही सूट कायमची नसते. अचलपूरला 2004 मध्ये अपक्ष म्हणून जिंकून तेव्हापासून चारदा निवडून आलेले बच्चू कडू 2024 मध्ये हरले. तोवर ते स्वतःच जुने झाले होते, असं माझं मत.