बोट कुठल्या ओळीवर आहे?

अगं, तुझ्या चर्चा-मंडळाबद्दलचा मेसेज वाचला. पहिल्या चर्चेला वर्ग भरला होता, आता सात जण येतात, त्यातले दोघंच बोलतात, बाकीचे फोनमध्ये, आणि आता कमिटी म्हणतेय पाहुणे बोलवा, सर्टिफिकेट द्या, म्हणजे गर्दी होईल. गर्दी घेऊन काय करणार आहेस तू? सात जण पुष्कळ झाले. इंजिनिअरिंगच्या, कॉमर्सच्या पोरांनी तत्त्वज्ञान नि इतिहास का वाचायचा हे तुला सांगत बसत नाही, ते पटलंय म्हणून तर हा उद्योग अंगावर घेतलास.

मला खटकली ती तुझी विषयांची यादी. 'न्याय म्हणजे काय', 'कला आणि समाज', 'स्वातंत्र्याची संकल्पना'. यावर कुणीही काहीही बोलू शकतं गं, आणि तेच होतंय तुझ्याकडे, ज्याला बोलायची सवय आहे तो बोलत सुटतो आणि ज्याला खरंच काही सुचलंय तो गप्प. विषय नको, पान हवं. एखाद्या पुस्तकातलं एकच पान, झेरॉक्स काढून सगळ्यांच्या हातात, घरून वाचून यायची सक्ती नाही, तिथेच मोठ्याने वाचायचं, आणि मग जो बोलेल त्याने आधी सांगायचं की बोट कुठल्या ओळीवर आहे. बस, एवढंच.

एका पानात दीड तास कसा जाणार, असं विचारशीलच. १९०२ साली बर्नमध्ये आइनस्टाइनने शिकवणीची जाहिरात दिली होती पेपरात, ती बघून सोलोविन नावाचा विद्यार्थी आला, शिकवणी राहिली बाजूला आणि गप्पाच सुरू झाल्या, पुढे हाबिख्ट नावाचा मित्र आला, झाले तिघं. ह्यूम, माख, पोआंकारे अशा तत्त्वज्ञ-शास्त्रज्ञांची पुस्तकं वाचायचे, आणि सोलोविन सांगतो की कधी एक पान, कधी अर्धं, कधी नुसतं एक वाक्य वाचून व्हायचं आणि त्यावरचा वाद कित्येक दिवस चालायचा. व्हिएन्नात श्लिक या तत्त्वज्ञाच्या गुरुवारच्या बैठकीतही विटगेनश्टाइन या दुसऱ्या तत्त्वज्ञाचं पुस्तक असंच एकेक वाक्य धरून वाचलं गेलं. ती मोठी माणसं, आपलं काय, असं म्हणू नकोस. १९०२ मधला आइनस्टाइन म्हणजे पेटंट ऑफिसात नुकता चिकटलेला तेवीस वर्षांचा पोरगा.

आमच्या मंडळात एकदा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या पुस्तकातला तो चौरसाचा प्रसंग घेतला होता. सॉक्रेटिस एका गुलाम पोराला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती? पोरगा म्हणतो चार. ते होतात १६ चौरस फूट, हवे होते ८. मग म्हणतो तीन, ते होतात ९. मग अडतो, आणि शेवटी कर्णावर येतो. सॉक्रेटिसचं म्हणणं, मी शिकवलं नाही, फक्त विचारलं. वर्गात सगळे माना डोलावत होते, प्रश्नांची ताकद वगैरे चाललं होतं, तेवढ्यात कधीच न बोलणारी गणिताची एक मुलगी ओळीवर बोट ठेवून म्हणाली, पण कर्ण तर सॉक्रेटिसनेच आखला, पोराने कुठे? झालं. विचारणं कुठे संपतं नि शिकवणं कुठे सुरू होतं यावर जे भांडण जुंपलं ते वॉचमन येईपर्यंत. 'शिक्षण म्हणजे काय' असा विषय ठेवला असता तर ती मुलगी तोंड उघडणार होती का? सांग ना.

यावरून मला कमी ऐकून घ्यावं लागलेलं नाही. पोथीवाचन म्हणाले, मुलांना मोकळं होऊ देत नाही म्हणाले. एक अतिशय हुशार पोरगा मी सारखं 'ओळ कुठली' विचारते म्हणून यायचाच बंद झाला, त्याची रुखरुख आजही आहे. पण तो बोलत असताना बाकीची पोरं पंख्याकडे बघत बसायची हे मी पाहिलंय, माझ्यावर बोलणाऱ्यांनी नाही. मी हट्टी आहे ना, असू दे. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या शुक्रवारच्या मंडळात तर 'हे असंच आहे' असं ठासून बोलणाऱ्याला थोडा दंडच पडायचा. तू दंड लावू नकोस, ओळ विचार, बोलघेवड्याला तेवढं पुरतं.

आणि हो, पान निवडताना असं निवड की ज्यातलं काहीतरी तुला स्वतःलाच कळलेलं नाही, आणि सुरुवात त्याच प्रश्नाने कर. उत्तर माहीत असलेला प्रश्न पोरांना लगेच ओळखू येतो, ती परीक्षेच्या मोडमध्ये जातात. शांतता पसरली तर घाबरून बडबड करू नकोस, पान आहे ना समोर, वाचतील परत. वार आणि वेळ बदलू नकोस, दोघं आले तरी घ्यायचं. पाहुणे बोलवायचे असतील तर खुशाल बोलव, पण त्यांनीही खुर्ची ओढून हातात पान घेऊन बसायचं, पीपीटी चालणार नाही.

पुढच्या आठवड्याचं पान ठरलं की फोटो काढून पाठव. परत विषय पाठवलास तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगते.